कोअर कसा काढायचा: तेलसाठ्याचा दगड खालून रिगवर आणि रिगवरून लॅबमध्ये

तेलाच्या विहिरीतून कोअर काढणं म्हणजे काय, तर बिटच्या, म्हणजे दगड कापणाऱ्या डोक्याच्या, मधोमध भोक ठेवायचं, कडेकडेने दगड कापत जायचं, आणि मधे जो दगडाचा दांडा उरतो तो नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, भरून वर आणायचा. झालं. नमनाला घडाभर तेल नको म्हणून आधीच सांगून टाकलं. पण याच कामात लोक पहिल्या दिवसापासून चुका करतात आणि त्या चुका कळतात मात्र सहा महिन्यांनी, लॅबचा रिपोर्ट हातात आल्यावर, तेव्हा रिग, म्हणजे विहीर खोदणारी यंत्रणा, केव्हाच दुसऱ्या लोकेशनला गेलेली असते.

एक हिशोब आधी डोक्यात घ्या. ४० एकराला एक विहीर धरली तर तो भाग साधारण १ लाख ६२ हजार चौरस मीटरचा झाला, आणि आपला कोअर ४ इंच जाडीचा, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ ८१ चौरस सेंटीमीटर. दोन कोटीवा हिस्सा! शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त हे शीत तीन किलोमीटर खालून आणायचंय आणि वाटेत ते शिजत, फुटत, वाळत येतं. खाली ३०० बार दाब, ९०-१०० डिग्री तापमान, तेलात विरघळलेला गॅस, आणि वर आल्यावर यातलं काहीच नाही. तेव्हा कोअर "जसाच्या तसा" वर येतो ही कल्पनाच सोडून द्या. कापल्या क्षणापासून तो बदलायला लागतो. आपल्या हातात एवढंच असतं की कुठला बदल चालेल आणि कुठला नाही ते आधी ठरवायचं आणि सगळं काम त्याभोवती बांधायचं.

आधी प्रश्न, मग बॅरल

म्हणजे कोअर का पाहिजे ते लिहून काढा, कागदावर. "माहितीसाठी" हे उत्तर नाही. पोरॉसिटी म्हणजे सच्छिद्रता आणि परमिएबिलिटी म्हणजे दगडातून द्रव किती सहज वाहतो ते, या दोन आकड्यांनी लॉग, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून खोलीनुसार घेतलेली मोजमापं, तपासून घ्यायचे असतील तर साधा कोअर पुरतो. दगडात खाली मूळचं पाणी किती होतं हे हवं असेल तर सगळा खेळ मडचा, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवत ठेवायच्या चिखलासारख्या द्रवाचा, आहे. तेल किती उरलंय हे हवं असेल तर साधा कोअर खोटंच बोलणार, त्याला सुटणारं तेल शोषून घेणारं स्पंज बॅरल किंवा खालचा दाब टिकवणारं प्रेशर बॅरल लागतं. तडे कुठल्या दिशेला जातात हे हवं तर ओरिएंटेड कोअर, ज्यात बॅरलमधल्या सुऱ्या दगडावर रेघा ओढत जातात आणि सोबतचं सर्व्हे टूल त्या रेघांची दिशा नोंदवतं. दगडाची ताकद मोजायची असेल तर अखंड तुकडे हवेत आणि शेल, म्हणजे चिकणमातीचा पातळ थरांचा दगड, असेल तर तो वाळता कामा नये, कारण वाळलेला शेल पापडासारखा तडकतो आणि मग त्याची ताकद मोजण्यात काही अर्थ उरत नाही.

सगळं एकदम हवं असतं सगळ्यांना. जिऑलॉजिस्टला लांब कोअर हवा, पेट्रोफिजिक्सवाल्याला स्वच्छ, रिझर्व्हॉयर इंजिनियरला ताजा, आणि ड्रिलिंगवाल्याला मुळात कोअरच नको असतो कारण त्याचे दिवस जातात. ही भांडणं ऑफिसात मिटवा, रिगवर नको.

आता प्रकार. पारंपरिक म्हणजे पूर्ण व्यासाचा कोअर, बॅरल ९ मीटरच्या सेक्शनमध्ये येतं, तसे दोन-तीन जोडून १८ किंवा २७ मीटर एका फेरीत, कधी त्याहून लांब. साडेआठ इंची विहिरीत ४ इंची कोअर ही नेहमीची जोडी. वायरलाईन कोअरिंग असेल तर आतलं बॅरल तारेने वर ओढतात, पाईप खालीच राहतात, वेळ वाचतो पण कोअर बारीक मिळतो. आणि तिसरा साईडवॉल कोअर, विहीर खोदून लॉग झाल्यावर भिंतीतून छोटे नमुने घ्यायचे. याचे दोन भाऊ आहेत, एक गोळी मारून घेतो आणि दुसरा छोट्या ड्रिलने कापून. गोळीवाला स्वस्त आणि झटपट पण ठोका बसल्याने दगडाची रचना बदलते, कठीण दगडात बारीक तडे जाऊन पोरॉसिटी जास्त दिसते आणि मऊ वाळू उलट दाबली जाते, त्यामुळे त्याच्यावर खनिजं बघा, जीवाश्म बघा, तेलाचे डाग बघा, पण परमिएबिलिटी मोजून रिझर्व्हॉयर मॉडेलमध्ये टाकू नका. रोटरीवाला, म्हणजे ड्रिलने कापणारा, बराच बरा, इंचभर किंवा मोठ्या टूलचा दीड इंची प्लग, म्हणजे दगडाचा छोटा दंडगोल, मिळतो. त्याचा मोठा फायदा म्हणजे लॉग बघून नेमकी जागा निवडता येते, तोटा असा की थराथरातला सलग संबंध दिसत नाही.

मड: इथे निम्मं युद्ध असतं

बिट दगड कापतं त्याच वेळी मडचं पाणी दगडात घुसतं आणि आतलं तेल-पाणी ढकलून त्याची जागा घेतं. वॉटर-बेस मड असेल तर कोअरमधलं पाणी कुठलं, खालचं की आपलं, हे सांगता येत नाही. म्हणून ज्यांना मूळ पाणी मोजायचंय ते ऑइल-बेस मड वापरतात, कारण तेलाच्या थरात जे पाणी दगडाला चिकटून बसलेलं आहे ते तेल घुसल्याने हलत नाही. जिथे पाणी स्वतःच हलतं अशा खालच्या ट्रान्झिशन झोनमध्ये मात्र हा हिशोब चालत नाही हेही लक्षात असू द्या. आणि ऑइल-बेस मडमध्ये इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकत्र ठेवणारी रसायनं, असतात, ते दगडाची वेटॅबिलिटी बदलतात, म्हणजे दगडाला पाणी प्रिय की तेल प्रिय हे गुणच पालटून टाकतात. वेटॅबिलिटी मोजायची असेल तर मड शक्य तितकं साधं ठेवा आणि मड इंजिनियरला आधीच बसवून सांगा, कारण कोअरिंग सुरू असताना त्याने सवयीने एखादा डबा टाकला की सगळं मुसळ केरात.

वॉटर-बेसच वापरावं लागणार असेल तर ट्रेसर टाका. जड पाणी, म्हणजे ड्युटेरियमवालं, मडमध्ये ठरावीक प्रमाणात मिसळतात आणि नंतर कोअरमधल्या पाण्यात ते किती सापडलं त्यावरून मड किती घुसलं ते काढतात. यासाठी मडचे नमुने दर काही मीटरला घेऊन बाटलीत सील करून ठेवावे लागतात, आणि हेच नेमकं विसरलं जातं. ट्रेसर टाकला पण मडचा नमुनाच नाही, मग तुलना कशाशी करणार?

घुसखोरी कमी करायचे बाकीचे उपाय तसे साधे. मडचा दाब थराच्या दाबापेक्षा गरजेपुरताच जास्त ठेवा, मडमध्ये योग्य मापाची कॅल्शियम कार्बोनेटची पूड असू द्या म्हणजे भिंतीवर पटकन थर बसतो, लो-इन्व्हेजन बिट घ्या ज्याच्या तोंडातून येणारं मड कोअरवर न आदळता बाहेरच्या बाजूला जातं. आणि वेगाने कापा. हळू कापलं म्हणजे जपून कापलं असं वाटतं पण होतं उलटं, दगड जितका जास्त वेळ बिटपाशी मडमध्ये उघडा तितकं जास्त पाणी आत.

कुठे थांबायचं

कोअरिंग पॉइंट निवडणं ही वेलसाईट जिऑलॉजिस्टची खरी परीक्षा. लवकर थांबलात तर नऊ मीटर शेल घेऊन वर याल, उशीर केलात तर साठ्याचा वरचा भाग, बहुतेक वेळा सगळ्यात उत्सुकता असलेला, कटिंग्ज, म्हणजे दगडाचा चुरा, बनून शेकरवरून, म्हणजे मड गाळायच्या चाळणीवरून, वाहून गेलेला असतो. शेजारच्या विहिरीचे लॉग समोर मांडून वरचे मार्कर, म्हणजे सहज ओळखू येणारे, थर एकेक करून पकडत यायचं, आणि अपेक्षित खोली जवळ आली की ड्रिलरला सांगून ठेवायचं की खोदायचा वेग अचानक वाढला तर मीटरभर जाऊन थांब. थांबल्यावर तळाचं मड वर येईपर्यंत फिरवत राहायचं, त्याला कधी तास लागतो कधी दीड तास, कंपनी मॅन, म्हणजे तेल कंपनीचा रिगवरचा माणूस, घड्याळाकडे बघत उभा असतो, पण कटिंग्ज हातात घेऊन भिंगाखाली बघितल्याशिवाय आणि गॅस बघितल्याशिवाय "हो" म्हणायचं नाही.

हो म्हणायच्या आधी विहीर साफ आहे ना ते बघा. तळाला लोखंडाचा तुकडा, तुटलेला दात, काहीही पडलं असेल तर कोअर बिटचे हिरे पहिल्या फुटातच जातात. शंका असेल तर जंक बास्केट, म्हणजे तळाचे तुकडे पकडणारं टूल, घेऊन एक फेरी मारा, त्याचा वेळ गेला म्हणून कोणी रडत नाही, बिट गेलं की सगळे रडतात.

बॅरल जुळवताना

बाहेरचं बॅरल फिरतं, आतलं फिरत नाही, मधे बेअरिंग असतं. आतल्या बॅरलमध्ये लायनर, म्हणजे कोअर जिच्यात भरतो ती पातळ नळी, अॅल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा, कधी आतलं बॅरलच अॅल्युमिनियमचं. खाली कोअर कॅचर, जो दांडा एकदा आत गेला की परत घसरू देत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. आतल्या बॅरलचा शू, म्हणजे खालचं टोक, आणि बिट यांच्यात जी फट ठेवायची असते ती वर, थंडीत मोजलेली असते. खाली गेल्यावर सगळं तापतं, आणि अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं. २७ मीटरचं अॅल्युमिनियमचं बॅरल ७० डिग्रीने तापलं तर ते बाहेरच्या स्टीलपेक्षा साधारण २ सेंटीमीटर जास्त लांब होतं. फट तेवढी नसेल तर शू बिटवर टेकतो, आतलं बॅरल बाहेरच्यासोबत फिरायला लागतं आणि कोअर पिळून निघतो. म्हणून खालचं तापमान किती ते कोअरिंगवाल्या माणसाला आधी सांगा, त्याच्याकडे तक्ता असतो.

मऊ वाळू असेल तर कॅचर पूर्ण बंद होणारा घ्या, नाहीतर वर येताना सगळी वाळू गळून जाते आणि हातात रिकामी नळी. तडकलेला दगड असेल तर २७ मीटरचा हट्ट धरू नका, ९ मीटर कापा, कारण तिरप्या तड्यावर दगड पाचरीसारखा अडकतो आणि लांब बॅरल अर्धं रिकामंच वर येतं.

प्रत्यक्ष कापताना

तळाला पोचल्यावर आधी मड आतल्या बॅरलमधूनच जोरात फिरवून तळ आणि नळी दोन्ही धुऊन घ्यायचं. मग पाईपमधून स्टीलचा गोळा सोडायचा. गोळा बसला की आतला रस्ता बंद, मड दोन बॅरलच्या मधल्या जागेतून जायला लागतं, आणि पंप प्रेशर चढलेलं दिसतं. प्रेशर चढलं नाही तर गोळा बसला नाही, सुरू करू नका.

सुरुवात हळू. पहिला फूट-दीड फूट कमी वजन, कमी फेरे, बिटला स्वतःची खाच पडू द्या आणि कोअरचं डोकं सरळ नळीत जाऊ द्या. मग टप्प्याटप्प्याने वजन वाढवा आणि एकदा चांगला वेग सापडला की हात लावू नका. सारखे आकडे बदलणारा ड्रिलर कोअरसाठी वाईट. ज्या ड्रिलरला "आज तुला खोदायचं नाहीये, आज तुला नमुना आणायचाय" हे पटलंय त्याच्यासोबत काम करणं हे सुखच वेगळं.

आता जॅम. दांडा नळीत अडकला की खालून नवीन दगड आत जाऊ शकत नाही, वजन बिटऐवजी अडकलेल्या दांड्यावर पडतं, त्यामुळे वेग पडतो, टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, कमी होतो, पंप प्रेशर बदलतं. अडचण अशी की कठीण थर लागला तरी वेग पडतोच. फरक टॉर्कमध्ये बघायचा, बिट खरंच दगड कापत असेल तर टॉर्क टिकून राहतो. एकदा रात्रीच्या शिफ्टला माझ्यासमोर हेच झालं, वेग पडला, ड्रिलर म्हणाला कठीण थर आहे, मी नवीन होतो, मान डोलावली, अजून चार मीटर "कापले". वर आलं तेव्हा बॅरलमध्ये पाच मीटर दगड आणि त्याच्या खालच्या टोकाला घासून गुळगुळीत झालेली टोपी. चार मीटर दगड आम्ही दळून शेकरवर पाठवला होता, साठ्यातला. तेव्हापासून माझा नियम, जॅमची दोन लक्षणं एकत्र दिसली की थांबायचं आणि वर काढायचं, वजन वाढवून बघू वगैरे नाही. वजन वाढवून जॅम सुटल्याचं मी बघितलेलं नाही.

ठरलेली लांबी झाली की फिरवणं थांबवून हळूच वर ओढायचं. कॅचर उताराच्या कडेने खाली घसरतो, दांड्याला आवळतो, वजनाच्या काट्यावर ओढ वाढत जाते आणि मग एकदम पडते, म्हणजे दांडा तुटला. ओढ दिसलीच नाही तर कॅचरने धरलंय की नाही याची शंका घ्या. मधेच पाईप जोडायचा असेल तरी असंच तोडावं लागतं, आणि पुन्हा टेकवताना आधीपेक्षा थोडं जास्त वजन देऊन कॅचर सोडवावा लागतो. प्रत्येक जोडणी म्हणजे जॅमला आमंत्रण, त्यामुळे पाईपची लांबी आधीच अशी लावा की मधे जोडावंच लागू नये.

वर काढताना घाई नडते

बहुतेक लोकांना वाटतं खाली सगळा धोका, वर आलं की सुटलो. गॅसचा हिशोब उलटा आहे. दर १० मीटर पाण्याला साधारण १ बार दाब धरा. ३००० मीटरवरून १५०० मीटरवर येताना दाब अर्धा होतो, गॅस फुगून दुप्पट. पण शेवटच्या ९० मीटरमध्ये दाब १० बारवरून १ बारवर येतो, गॅस दहापट! सगळा स्फोट शेवटी. मऊ वाळूच्या कोअरमधून तो गॅस सावकाश निघून जायला वेळ दिला नाही तर दाणे फाकतात, दांडा लायनरमध्येच फुगतो, आणि मग लॅबमध्ये ३८ टक्के पोरॉसिटी बघून सगळे खूश. म्हणून शेवटचे काहीशे मीटर वेग खूप कमी करायचा, मऊ दगडात तर अजूनच, मधे थांबत थांबत. हे वेळापत्रक आधीच लिहून ड्रिलरच्या समोर चिकटवा.

पाईप सोडवताना स्ट्रिंग, म्हणजे जोडलेल्या पाईपांची रांग, फिरवू नका, स्लिप्स, म्हणजे पाईप धरणाऱ्या पाचरी, आदळू नका. साधी गोष्ट, पण सकाळी सहाला शिफ्ट बदलताना हमखास विसरली जाते.

बॅरल फ्लोअरवर आलं की पहिलं काम कोअर बघणं नाही, हवा तपासणं. दगडातून हायड्रोजन सल्फाईड निघू शकतो, बॅरलमध्ये दाब अडकलेला असू शकतो. गॅस डिटेक्टर लावा, गरज असेल तिथे श्वासाचं उपकरण घाला, आणि उभ्या बॅरलच्या तोंडाखाली कोणाचेही हात-पाय नकोत, ४ इंची दगडाचा मीटरभर दांडा २० किलोच्या आसपास भरतो.

बॅरल आडवं करताना वाकता कामा नये. खाली आधार देणारा क्रेडल असतो, तो वापरा, नाहीतर दगड आतल्या आत दर फुटाला तुटतो आणि नंतर "नैसर्गिक तडे" म्हणून मोजला जातो.

खुणा

लायनरसकट मीटर-मीटरचे तुकडे करायचे. पण करवत लावायच्या आधी पूर्ण लांबीवर दोन समांतर रेघा, लाल आणि काळी. वरचं टोक वर धरलं तर लाल उजवीकडे, काळी डावीकडे. हा जगभरचा रिवाज आहे, आपलं डोकं लावून बदलू नका. मग प्रत्येक तुकड्यावर वर जाणारा बाण, वरची खोली, खालची खोली, विहिरीचं नाव, कोअर नंबर, आणि एकूण किती तुकड्यांपैकी कितवा. टोकांना रबरी टोप्या आणि त्यावर क्लॅम्प, टोपीवर पण तेच लिहायचं. टोपीवरच लिहिलं आणि लायनरवर नाही तर टोप्या बदलल्या की संपलं. एका विहिरीत माझ्या हातून एक मीटर उलटा पेटीत गेला, रेघा होत्या म्हणून लॅबमध्ये कोणीतरी ओळखलं, नाहीतर वाळूचे दाणे वर जाताना जाड होत जातात असा शोध लागून डेल्टाची पूर्ण गोष्टच बदलली असती.

रिकव्हरी म्हणजे किती मिळाला भागिले किती कापला. १८ मीटर कापून १७.१ मिळाला तर ९५ टक्के. कमी आला तर हरवलेला भाग तळाचा धरायचा अशी पद्धत आहे, खरा तो कुठूनही गेलेला असू शकतो, गॅमा लॉग, म्हणजे दगडाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाचा लॉग, जुळवल्यावर कळतं. शंभरावर रिकव्हरी आली तर घाबरू नका, आधीच्या फेरीत खाली राहिलेलं खुंट दुसऱ्या फेरीत वर आलेलं असतं.

प्रत्येक मीटरच्या कापलेल्या टोकावरून छोटा चिप घ्या, भिंगाखाली आणि यूव्ही दिव्याखाली बघा. जड तेल तपकिरी चमकतं, मधलं पिवळं-सोनेरी, हलकं निळसर पांढरं. पण कॅल्साईटही चमकतो, पाईपचं ग्रीसही चमकतं, त्यामुळे सॉल्व्हंटचा थेंब टाकून रंग वाहतो का ते बघितल्याशिवाय "ऑइल शो" असं लिहू नका.

जपणं

पाण्याने धुऊ नका. मोठ्याने वाचा हे वाक्य. चिखलाने माखलेला दगड बघून कोणाचातरी हात नळाकडे जातोच. कोरड्या फडक्याने पुसायचं, बस.

ज्या तुकड्यांवर पाणी-तेल मोजायचंय किंवा वेटॅबिलिटी बघायचीय ते लगेच बंद करायचे, आधी प्लास्टिक फिल्मचे थर, मग अॅल्युमिनियम फॉइल, मग वितळलेल्या मेणात बुडवायचे. प्रत्येक थरात हवा राहू द्यायची नाही. उन्हात ठेवायचे नाहीत, वाऱ्यात ठेवायचे नाहीत. मऊ वाळू असेल तर लायनर आणि दगडाच्या मधल्या फटीत जिप्सम किंवा रेझिन भरून दांडा जागेवर पक्का करतात, म्हणजे ट्रकच्या हादऱ्याने हलत नाही. काही जण ड्राय आइसने गोठवतात. मला ते शेवटचा उपाय म्हणूनच मान्य आहे, पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दाणे सरकवतं, जिथे छिद्रांत पाणी जास्त तिथे नुकसान जास्त. गोठवायचंच असेल तर एकदाच गोठवा, वाटेत वितळून पुन्हा गोठलेला कोअर सरळ बाजूला काढा.

लॅबमध्ये काय मागायचं

लॅब आपली आपण सगळं करेल असं समजून पाठवून देऊ नका, तिथे जाऊन बसा. लायनर न उघडता आधी सीटी स्कॅन, त्यात तडे, जॅमच्या खुणा, उलटे तुकडे सगळं दिसतं. मग गॅमा मोजायचा आणि विहिरीच्या लॉगशी जुळवायचा, कारण ड्रिलरची खोली पाईप मोजून येते आणि लॉगची केबल मोजून, दोघांत मीटर-दोन मीटरचा फरक सहज पडतो. ही जुळवाजुळव न करता कोअरची पोरॉसिटी लॉगसमोर ठेवली तर शेलला २५ टक्के पोरॉसिटी आणि वाळूला शून्य असे चमत्कार दिसतात.

प्लग काढायचे दर ३० सेंटीमीटरला, थराला समांतर, आणि मधेमधे उभे पण. मापात जी जागा येईल तिथूनच. माणसाचा कल चांगला घट्ट तुकडा निवडायचा असतो, भुसभुशीत किंवा तडकलेला भाग "इथे प्लग निघत नाही" म्हणून सोडला जातो, आणि बऱ्याचदा सगळ्यात जास्त तेल वाहून आणणारा भाग तोच असतो. जिथे निघाला नाही तिथे तसं तक्त्यात लिहायला लावा. मोठमोठ्या पोकळ्या असलेल्या चुनखडकात प्लगचा उपयोग कमी, तिथे पूर्ण व्यासाचा तुकडाच मोजायचा.

एका प्लगचा हिशोब करून दाखवतो. दीड इंची प्लग, ५ सेंटीमीटर लांब, एकूण आकारमान ५७ घन सेंटीमीटर. टोलुईनच्या वाफेत डीन-स्टार्क उपकरणात उकळला, पाणी सुटून मापाच्या नळीत जमा झालं ३.४ घन सेंटीमीटर. वजनातल्या घटीतून हे पाणी वजा केल्यावर तेल निघालं ४.१ ग्रॅम, घनता ०.८५ धरली तर ४.८ घन सेंटीमीटर. मग साफ करून वाळवलेल्या प्लगमध्ये हेलियम सोडून बॉईलच्या नियमाने दाण्यांचं आकारमान काढलं, ४५.६. म्हणजे छिद्रं ११.४, पोरॉसिटी २० टक्के. पाणी ३० टक्के, तेल ४२ टक्के, बेरीज ७२. उरलेले २८ कुठे गेले? वर येताना गॅस फुगला आणि त्याने द्रव बाहेर ढकलला, गॅस निघून गेल्याने तेलही आकसलं, ती मोकळी जागा. म्हणून लॅबचं ४२ टक्के म्हणजे साठ्यात ४२ टक्के तेल आहे असं लिहिणाऱ्या माणसाच्या हातून पेन काढून घ्या.

याच प्लगचं कोरडं वजन १२०.८ ग्रॅम, भागिले ४५.६, दाण्यांची घनता २.६५. क्वार्ट्झची घनता तेवढीच, म्हणजे वाळूचा दगड आणि प्लग नीट साफ झालाय. २.५५ आली असती तर मी पहिल्यांदा आत तेल राहिलंय अशी शंका घेतली असती. चुनखडकात २.७१, डोलोमाइटमध्ये २.८५ च्या वर. रिपोर्ट आला की पोरॉसिटीच्या आधी हा रकाना बघा, लॅबने काम कसं केलंय ते इथे कळतं.

वाळवण्याचं सुद्धा सांगतो. दगडात चिकणमाती असेल तर गरम ओव्हन नको, ६० डिग्री आणि ४०-४५ टक्के आर्द्रतेचा ओव्हन मागा. धाग्यांसारखा इलाईट, म्हणजे चिकणमातीचं एक खनिज, असेल तर साध्या वाळवणीत ते धागे भिंतीला चिकटून बसतात, छिद्रं मोकळी होतात, आणि परमिएबिलिटी खऱ्यापेक्षा कितीतरी पट जास्त निघते.

परमिएबिलिटी गॅसने मोजतात कारण सोपं पडतं, पण गॅस भिंतीवरून घसरतो, त्यामुळे आकडा जास्त येतो आणि घट्ट दगडात हा फरक मोठा असतो. हा फरक काढून टाकण्याला क्लिंकेनबर्गची दुरुस्ती म्हणतात, १९४१ ची आहे. रिपोर्टमध्ये दुरुस्ती केलीय की नाही, आणि मोजताना प्लगवर बाहेरून किती दाब दिला होता, हे दोन्ही लिहिलेलं नसेल तर परत पाठवा. टेबलावर मोजलेला आकडा आणि खालच्या दाबाखालचा आकडा वेगळे असतात.

यापुढे स्पेशल टेस्ट येतात, कॅपिलरी प्रेशर (बारीक छिद्रांत द्रव धरून ठेवणारा दाब), रिलेटिव्ह परमिएबिलिटी (तेल आणि पाणी एकत्र असताना प्रत्येक किती सहज वाहतं), वेटॅबिलिटी, आणि आर्चीच्या १९४२ च्या समीकरणातले घातांक ज्यांच्याशिवाय रेझिस्टिव्हिटी, म्हणजे दगडाच्या वीजरोधाच्या, लॉगवरून पाणी किती ते नीट निघत नाही. या टेस्ट महिनोन्महिने चालतात, साफ केलेल्या प्लगला पुन्हा तेलात, साठ्याच्या तापमानाला आठवडेच्या आठवडे मुरवत ठेवावं लागतं तेव्हा कुठे त्याचा मूळ स्वभाव परत येतो असं मानतात. इथे प्लग थोडेच घ्या पण सीटीवर बघून, आणि प्रत्येक प्रकारच्या दगडाचा एक तरी.

राहिलेला कोअर उभा चिरतात, एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश. पातळ पट्टीचे साध्या आणि यूव्ही प्रकाशात फोटो काढून ती बघायला ठेवायची, जाड भाग पुढच्या प्लगसाठी. मेणात बंद केलेले तुकडे उघडू नका, त्यांची वेगळी यादी करा, त्यात कधी बंद केलं, कुठलं मड होतं आणि कोणत्या खोलीचा आहे एवढं तरी असू द्या, कारण वीस वर्षांनी पाणी सोडून किंवा गॅस भरून तेल काढायचा विचार कोणी करेल तेव्हा ती विहीर बंद झालेली असेल आणि तो माणूस या पेट्या शोधत येईल.